सर्व्हिस सेंटरचा फोन: रिकॉल की कॅम्पेन?

"सर, तुमच्या गाडीचं एक छोटंसं काम पेंडिंग आहे, फ्री आहे, घेऊन या." असा फोन आला की आपण तो लोनवाल्यांच्या फोनसारखा कापतो. कापू नका. आधी एवढंच विचारा, हे रिकॉल आहे की सर्व्हिस कॅम्पेन?

रिकॉलमागे कायदा आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०-अ आलं आणि १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू झाले. दोषामुळे चालकाला, प्रवाशांना, रस्त्यावरच्या इतरांना किंवा पर्यावरणाला धोका असेल, तर केंद्र सरकार कंपनीला गाड्या परत बोलवायला लावू शकतं. कंपनीने स्वतःहून बोलावल्या तर दंड टळतो. बहुतेक रिकॉल 'स्वेच्छेने'च होतात; त्यात मोठेपणा किती आणि ही सवलत किती, ते तुम्हीच ठरवा. सक्तीच्या रिकॉलचे नियम ७ वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी आहेत, स्वेच्छेच्या रिकॉलमध्ये त्याहून जुन्याही येतात. ताकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅगमधलं रसायन उष्ण-दमट हवेत बिघडायचं आणि एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे उडायचे. त्यापायी भारतातही कितीतरी जुन्या गाड्या परत बोलावल्या गेल्या.

कॅम्पेन हा कंपनीचा घरचा मामला. अडकणारी टचस्क्रीन, खडखडणारं प्लास्टिक, पावसाळ्याआधीचं चेकअप. मुदत, किलोमीटर, वॉरंटी या अटी कंपनीच्या, आणि मुदत टळली की बिल तुमचं. मात्र काम ब्रेक, स्टिअरिंग, इंधन किंवा एअरबॅगचं असेल, तर नाव काहीही असो, त्याच आठवड्यात गाडी न्या.

पात्रता ठरते १७ अक्षरी चासी नंबरवर, मॉडेलवर नाही. सोसायटीत शेजारी उभी असलेली तशीच गाडी यादीत असेल, तुमची नसेलही. कंपनीच्या साइटवर हा नंबर टाकून बघा. अर्ज करावा लागत नाही. आरसी जवळ ठेवा, बस्स. जॉब कार्डवर रिकॉलचा किंवा कॅम्पेनचा क्रमांक लिहून घ्या आणि शून्य रकमेचं बिल मागून घ्या. गाडी विकताना हाच कागद कामी येतो.

घोळ होतो तो सेकंडहँड गाडीत. पुण्याची, एमएच-१२ ची गाडी घेतली, नाव लावलंच नाही, की पत्र जातं जुन्या मालकाच्या पत्त्यावर. फॉर्म २९ आणि ३० भरून नाव बदला (खरेदीदाराला ३० दिवसांची मुदत असते) आणि परिवहनच्या साइटवर मोबाइल नंबरही अपडेट करा. संगम ब्रिजजवळच्या आरटीओचं काम इथपर्यंतच. रिकॉलसाठी तिथे खेटे घालू नका.

सेंटरने टोलवाटोलवी केली तर कंपनीला ईमेल करा, मग १९१५ वर ग्राहक हेल्पलाइन. त्यानेही हललं नाही तर पुणे जिल्हा ग्राहक आयोग. तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांत जावं लागतं, आणि मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. सोबत जॉब कार्ड, ईमेलच्या प्रती आणि आरसी जोडा.