रेड लेक आणि व्हाइट अर्थ : एकाच चिपेवा समाजाच्या दोन वाटा

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्याच्या उत्तर भागातील रेड लेक आणि व्हाइट अर्थ या दोन्ही राखीव भूमी चिपेवा, म्हणजेच ओजिब्वे या अमेरिकेतील मूळनिवासी लोकांच्या. भाषा एक, कुळांची रीत एक, त्यामुळे एकीचा इतिहास दुसरीच्या नावावर सहज खपून जातो. वास्तविक, जमीन कोणाच्या नावावर असावी या एका प्रश्नाने त्यांच्या वाटा वेगळ्या केल्या.

व्हाइट अर्थ १८६७ च्या कराराने निर्माण झाली आणि दुसऱ्या वर्षापासून इतर ठिकाणची चिपेवा कुटुंबे तेथे येऊन वसू लागली. रेड लेकचे लोक मात्र आपल्या तळ्याकाठीच राहिले. १८६३ आणि १८८९ मध्ये त्यांना भोवतालचा फार मोठा प्रदेश सोडावा लागला, तरी उरलेल्या भूमीचे माणशी तुकडे पाडू देण्यास त्यांच्या प्रमुखांनी नकार दिला. ती भूमी आजही सामाईक आहे.

व्हाइट अर्थमध्ये तुकडे पाडले गेले, आणि तेथूनच खरी हानी सुरू झाली. १९०६ च्या कायद्याने ‘मिश्र रक्ताच्या’ प्रौढांच्या जमिनीवरील विक्रीबंदी उठताच लाकूड व्यापारी आणि जमिनीचे दलाल तुटून पडले. कोण ‘शुद्ध’ आणि कोण ‘मिश्र’ हे ठरवण्यासाठी पुढे मानववंशशास्त्रज्ञांनी लोकांच्या छातीवर ओरखडे काढून त्वचेवर उमटणारा वळ तपासला. माणसाच्या अंगावरून त्याच्या जमिनीचा हक्क ठरवणाऱ्या या तपासणीला शास्त्र म्हणणे मला अन्यायाचे वाटते. बहुतेक जमीन परक्यांच्या हाती गेली.

उपजीविकेत मात्र दोघांचे साम्य मोठे आहे. ‘मनूमिन’ हे पाण्यात आपोआप उगवणारे धान्य दोन्हीकडे होडीतून गोळा केले जाते : एकजण लांब काठीने होडी पुढे रेटतो, दुसरा एका काठीने ताटे होडीवर वाकवून दुसरीने दाणे झोडतो. मग ते भाजायचे, पायांनी मळायचे आणि पाखडायचे. व्हाइट अर्थने २०१८ मध्ये मनूमिनलाच कायदेशीर हक्क दिले.

रेड लेकची विशेष ओळख वॉलआय माशाची. अतिमासेमारीने तो संपत आला, तेव्हा १९९७ मध्ये तेथील मच्छीमारांनी स्वतःहून जाळी बाजूला ठेवली. पुढे राज्य सरकारशी करार झाला, तळ्यात माशांची पिल्ले सोडली गेली आणि २००६ मध्ये मासेमारी पुन्हा सुरू झाली.