छायाचित्रातील पोत-मिश्रण

एका छायाचित्रावर दुसऱ्या पृष्ठभागाचे छायाचित्र लेयर म्हणून ठेवून आणि दोहोंची पिक्सेलमूल्ये ठरावीक गणिती नियमाने एकत्र करून रंगचित्रासारखा परिणाम साधण्याची पद्धत. गिलावा, गंजका पत्रा, मांजरपाट, जुना कागद, कातळ हे नेहमीचे पोत. फिल्टर लावून ब्रशचे फटकारे उमटवण्याहून ही पद्धत वेगळी आहे. फिल्टर मूळ रेषा मोडतो. येथे रेषा शाबूत राहून तिच्यावर दाणा चढतो.

उगमाविषयी दोन मते आहेत. पहिल्या मतानुसार ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या चित्रसदृश छायाचित्रणातून आली. लंडनचे ‘लिंक्ड रिंग’ मंडळ (१८९२), फ्रेंच छायाचित्रकार रोबेर दमाशी यांचे गम-बायक्रोमेट (डिंक व रंगद्रव्याच्या थराचे) मुद्रण आणि १९०७ च्या सुमारास रूढ झालेली ब्रोमॉइल (छापावर ब्रशने तेलकट शाई चढवण्याची) प्रक्रिया हे तिचे ठळक टप्पे. मुंबईचे शापूर भेडवार याच प्रवाहातले. दुसरे मत डार्करूममधील पोत-पडद्यांकडे बोट दाखवते. बारीक जाळी, कापड वा दाणा उमटवलेली पारदर्शक फिल्म निगेटिव्हला चिकटवून दोन्ही एकत्र एन्लार्जरमध्ये (निगेटिव्हवरून मोठे चित्र छापण्याच्या यंत्रात) ठेवत. दिसण्याचा वारसा पहिल्या प्रवाहाचा असला, तरी कृतीचा वारसा दुसऱ्याचा मानणे अधिक सयुक्तिक वाटते, कारण गणित जुळते. दोन फिल्म एकावर एक ठेवल्या की त्यांच्या घनता (काळेपणाची मापे) मिळवल्या जातात, म्हणजेच पार होणाऱ्या प्रकाशाची प्रमाणे गुणली जातात. दोन स्लाइड अशा जोडल्या, तर आजच्या ‘मल्टिप्लाय’ या मिश्रण-नियमाचेच उत्तर मिळते. दोन निगेटिव्ह जोडून छापल्या, तर आदर्श स्थितीत ‘स्क्रीन’ या दुसऱ्या नियमाचे मिळते. ब्रोमॉइलमध्ये शाईचा दाणा ब्रशने चढतो. तिथे असा गुणाकार नाही.

संगणकावर प्रतिमा एकत्र करण्याचे नियम पोर्टर आणि डफ या संगणक-चित्रांच्या अभ्यासकांनी १९८४ मध्ये मांडले. फोटोशॉपमध्ये लेयर १९९४ च्या ३.० आवृत्तीत आले. त्यामुळे आजच्या अर्थाने पोत-मिश्रण नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धापूर्वीचे नसावे. हौशी छायाचित्रकारांत ते साधारण २००४ नंतर, छायाचित्रे ऑनलाइन मांडण्याची सोय झाल्यावर पसरले असावे.

ब्लेंड मोड (मिश्रणाचे नियम) : खालच्या चित्राचे मूल्य १०० आणि पोताचे १८० (कमाल २५५) धरल्यास मल्टिप्लायने ७१, स्क्रीनने २०९, ओव्हरलेने १४१ आणि सॉफ्ट लाइटने १२५ मिळतात. ओव्हरले व सॉफ्ट लाइटमध्ये ५० टक्के राखाडी पोत काहीच बदलत नाही. त्याहून उजळ कण चित्र उजळवतात, गडद कण काळवंडवतात. या मोडमध्ये पोताची सरासरी राखाडीच्या जवळ हवी, ही अट यातूनच येते.

सॉफ्ट लाइटचे सूत्र मात्र सगळीकडे एक नाही, आणि शिकाऊ माणसाचा गोंधळ बहुधा इथेच होतो. खालचे मूल्य २० असलेल्या गडद सावलीवर १८० चा पोत ठेवला, तर फोटोशॉपच्या वर्गमूळ असलेल्या सूत्राने ४१ येतात, वेब-मानकातील त्रिघाती सूत्राने ३८, आणि गिम्प या मोफत प्रोग्रामच्या सूत्राने २८. मध्यम छटांत हा फरक जवळजवळ नाहीसा होतो, सावल्यांत तो उघड दिसतो. म्हणून फोटोशॉपसाठी सांगितलेली ओपॅसिटी (लेयर किती टक्के उमटावा ते प्रमाण) गिम्पमध्ये तशीच वापरली की सावल्यांतला पोत मेल्यासारखा वाटतो. गिम्पच्या २.८ आवृत्तीपर्यंत तर ओव्हरलेही एका चुकीमुळे सॉफ्ट लाइटचेच उत्तर देई. २०१८ च्या २.१० मध्ये ते सुधारले. क्रितामध्ये ही सूत्रे वेगवेगळ्या नावांनी दिलेली असल्याने तुलना करून पाहायला तो प्रोग्राम सोयीचा पडतो.

पोत टिपणे : ठाणे व नवी मुंबई परिसरात सामग्री मुबलक आहे. पावसाळ्यानंतर जुन्या इमारतींवर वाळून काळे पडलेले शेवाळ, गिलाव्याचे पोपडे, घोडबंदर किल्ल्याचे दगडी बांधकाम, ठाणे–बेलापूर औद्योगिक पट्ट्यातील गंजके पत्रे आणि पारसिकच्या डोंगरातला सच्छिद्र बेसाल्ट हे वेगवेगळ्या दाण्याचे पोत देतात. कॅमेरा भिंतीला समांतर, एफ/८, आयएसओ कमीत कमी, शक्यतो ट्रायपॉड. ढगाळ दुपारचा सपाट उजेड सर्वांत उपयोगी. तिरप्या उन्हात घेतलेल्या पोताला स्वतःच्या सावल्या असतात. मुख्य चित्रात उजेड उलट बाजूने असला की पोत वरून चिकटवल्यासारखा दिसतो. लेन्समुळे कडा काळवंडतात, आणि ओव्हरलेमध्ये तेच मधोमध उजळ धब्ब्याच्या रूपात उमटते. त्यावर उपाय म्हणजे ४,००० पिक्सेल रुंद पोतावर सुमारे २०० पिक्सेलचा हाय पास (फक्त बारीक तपशील ठेवणारा फिल्टर). त्याने उजेडाचा चढउतार जातो आणि सरासरी आपोआप राखाडीवर येते. नंतर पोतातला रंग काढावा. पिवळसर गिलाव्याचा रंग राहिला, तर गुलाबी पिसे नारिंगी होतात.

मिश्रणाची कृती : ठाणे खाडीतील फ्लेमिंगोंची चित्रे यासाठी वारंवार निवडली जातात. खाडीचे अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झाले आणि २०२२ मध्ये तिला रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ) दर्जा मिळाला. ऐरोलीहून सुटणाऱ्या बोटीतून वा नेरूळच्या पाणथळीच्या काठावरून घेतलेल्या फ्रेममध्ये वर धुरकट आकाश, खाली चिखल आणि मध्ये पक्ष्यांची ओळ असते. मोकळी जागा भरपूर असल्याने पोताला वाव मिळतो. अडचण आकाशाची आहे. सॉफ्ट लाइट आणि ओव्हरलेमध्ये २५५ चे मूल्य २५५ च राहते, म्हणून जळालेल्या पांढऱ्या आकाशावर पोत उमटतच नाही. मग ओपॅसिटी १०० टक्क्यांपर्यंत नेली जाते आणि खालचा चिखल खरबरीत होऊन बसतो. आधी रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) हायलाइट्स म्हणजे सर्वांत उजळ भाग उतरवून आकाश २१०–२२० वर आणावे. तेवढा तपशील फाइलमध्ये नसेल, तर फक्त आकाशापुरता मल्टिप्लायचा वेगळा लेयर घ्यावा.

नॉइज काढणे आणि शार्पनिंग पोत चढवण्यापूर्वीच संपवावे. नंतर केलेले शार्पनिंग पक्ष्यापेक्षा भिंतीला धार आणते. फाइल १६ बिटची असावी, नाहीतर आकाशात पट्टे पडतात. पोत स्मार्ट ऑब्जेक्ट (मूळ न बिघडता पुन्हा बदलता येणारा लेयर) म्हणून आणून त्याचा दाणा क्षितिजाला समांतर फिरवावा. सॉफ्ट लाइट, ३५–४५ टक्के. कडांना गडदपणा हवा असल्यास दुसरा पोत मल्टिप्लायने १५–२० टक्के, मधला भाग मास्कने (लेयरचा हवा तेवढा भाग लपवणाऱ्या पडद्याने) मोकळा ठेवून. एकच पोत दोन्हीकडे वापरल्यास डोळा पुनरावृत्ती लगेच पकडतो.

पक्ष्यावरून पोत पूर्ण पुसणे ही सर्वाधिक आढळणारी चूक. तसे केले की पक्षी कात्रीने कापून चिकटवल्यासारखा दिसतो आणि बारीक पायांभोवती उजळ कड उरते. मास्कमध्ये २५–३० टक्के पोत राहू द्यावा. त्याहून चांगला मार्ग म्हणजे पोताची प्रत ४०–६० पिक्सेल गॉशियन ब्लरने धूसर करून, त्याच मोड-ओपॅसिटीने, मूळ पोताऐवजी तेवढ्याच भागात वापरणे. त्यात दाणा जातो, पण उजेड-अंधाराचा ताळ भोवतालच्या चित्राशी जुळलेला राहतो. डोळा आणि चोच मात्र पूर्ण मोकळी ठेवावी. व्यक्तिचित्रात हाच नियम त्वचेला लागू होतो.

स्पर्धा व मुद्रण : आंतरराष्ट्रीय छायाचित्र-संघटनांच्या निसर्ग विभागात चित्रात घटक जोडण्यास मनाई असल्याने पोत-मिश्रित पक्षिचित्र तिथे चालत नाही, ते खुल्या वा सर्जनशील विभागात पाठवले जाते. १२ × १८ इंची छपाईला ३०० डीपीआयने ३,६०० × ५,४०० पिक्सेल लागतात. मोबाइलवर घेतलेला १२ मेगापिक्सेलचा पोत त्यासाठी ताणावा लागतो आणि दाणा मऊ पडतो. एकाच भिंतीचे दोन-तीन भाग टिपून जोडल्यास हे टळते. कॅनव्हासवर छापताना पोताची ओपॅसिटी सुमारे एक तृतीयांशाने उतरवावी, कारण कापडाची स्वतःची वीण त्यात मिसळते. ग्लॉसी कागदावर असा फेरफार लागत नाही.