खुल्या पाण्यातली मस्की : काठ सुटला कसा?

मस्केलंज, बोलीत मस्की, हा उत्तर अमेरिकेच्या गोड्या पाण्यातला मोठा शिकारी मासा. पाइकच्या कुळातला, लांबट अंगाचा. ग्रेट लेक्स, सेंट लॉरेन्स नदी, ओहायो आणि वरच्या मिसिसिपीचं खोरं हा त्याचा मूळ मुलूख. गळाला तो इतका क्वचित लागतो की तिकडचे गळवाले त्याला ‘दहा हजार फेकींचा मासा’ म्हणतात. त्यातल्या निदान काही हजार फेकी तरी मासा नव्हता तिथेच पडल्या असणार.

कारण मस्की काठाजवळच मिळते, हे पिढ्यान्‌पिढ्या गृहीत धरलेलं होतं. पाणवनस्पतींची कडा, बुडालेला ओंडका, पाण्यात घुसलेली खडकाची सोंड. तिथे ती दबा धरून बसते आणि आमिष समोरून गेलं की झडप घालते. हे खोटं नव्हतं. वसंतात अंडी घालायला ती बहुधा उथळ पाण्यात येते आणि काही मासे पुढेही तिथेच राहतात. पण काठाची ही ओढ माशाइतकीच माणसाचीही होती. तलावाच्या मध्यावर नेम धरायला काहीच नसतं. वीस मीटर खोल पाण्यात पृष्ठभागाखाली चार-पाच मीटरवर मासा अधांतरी तरंगत असेल, तर तो शोधायचा कशावरून?

या प्रश्नाचं पहिलं चालतं उत्तर मिळालं ते सेंट क्लेअर तलावावर. डेट्रॉइट किंवा विंडसरकडे राहणाऱ्या मराठी मंडळींना तो ओळखीचा असेल. सुमारे 1,100 चौरस किलोमीटरचा हा तलाव सरासरी साडेतीन मीटरसुद्धा खोल नाही, तेव्हा ‘खोल पाणी’ इथे नव्हतंच. पण तळ बराचसा सपाट आणि आडोसे थोडे. एका जागी उभं राहून फेकत बसण्यात अर्थ नव्हता, म्हणून चालत्या बोटीमागे आमिष ओढण्याची, म्हणजे ट्रोलिंगची, रीत इथे रुजली. होमर लेब्लांक हे इथले नामांकित कप्तान. ते बोट वेगाने हाकत आणि एखादं आमिष थेट इंजिनाच्या पंख्याने उसळलेल्या फेसाळ पाण्यात, बोटीला अगदी खेटून सोडत. इंजिनाच्या आवाजाने मासा पळतो या समजाला हा उघड छेद होता. मस्की त्या फेसातच येऊन आमिष धरायची. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत धीट चाल, कारण पाण्याखालचा मासा तेव्हा यंत्राच्या पडद्यावर दिसत नव्हता.

खोल तलावांचं कोडं मात्र यंत्राआधी भक्ष्याने सोडवलं. उत्तरेकडच्या अनेक तलावांत सिस्को नावाचा चंदेरी, चरबीदार मासा थव्याने राहतो. मिनेसोटात त्याला टलिबी म्हणतात. त्याला थंड आणि भरपूर ऑक्सिजन असलेलं पाणी लागतं. उन्हाळ्यात वरचा थर तापतो, तळाशी ऑक्सिजन कमी होतो आणि सिस्को मधल्या पट्ट्यात कोंडला जातो. मस्की त्याच्या मागावर असते. तिचे डोळे डोक्याच्या वरच्या बाजूला, त्यामुळे ती खालून वर झेपावते. आमिष तिच्या डोक्यावरून जायला हवं, खालून गेलं तर फुकट. नोव्हेंबरच्या सुमारास सिस्को अंडी घालायला खडकाळ उथळ्यांवर येतो, तेव्हा मस्कीही पाठोपाठ येते. हे वेळापत्रक उमगलं आणि मोकळं पाणी रिकामं वाटेनासं झालं.

साधनं आली ती दुसऱ्याच माशासाठी. 1966 मध्ये मिशिगन राज्याने ग्रेट लेक्समध्ये कोहो सामन सोडला. त्याच्या मागे लागलेल्या बोटींमुळे आमिष नेमक्या खोलीवर नेणारे डाउनरिगर आणि दोर बोटीपासून बाजूला पसरवणाऱ्या फळ्या, म्हणजे प्लेनर बोर्ड, सगळीकडे पोचले. ध्वनिलहरींनी पाण्याखालचं टिपणारी, लोकांना परवडणारी सोनार यंत्रं 1950 च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आली होतीच. मस्कीवाल्यांनी हे सगळं आयतं उचललं.

त्याच वर्षी, 1966 मध्ये, गिल हॅम यांनी मिनेसोटात ‘मस्कीज इंक’ ही संस्था काढली. मासा धरून परत सोडायचा, हा तिचा आग्रह पुढे प्रघात झाला. मिनेसोटाने आधी तलावांत सोडलेली मस्कीची शूपॅक जातकुळी हळू वाढणारी निघाली. 1980 च्या दशकात तिच्या जागी लीच लेकची मोठी होणारी जातकुळी आली. मिल लॅक्ससारख्या विस्तीर्ण तलावात ती जोमाने वाढली आणि खुल्या पाण्यात बोटी फिरवणाऱ्यांची गर्दीही वाढली. नोव्हेंबर 2022 मध्ये राज्याचा विक्रमी मासा याच तलावात मिळाला: 55 पौंड 14.8 औंस, म्हणजे 25 किलोंहून थोडा जास्त.

सध्याचा वाद थेट चित्र दाखवणाऱ्या सोनार यंत्राचा आहे. 2018 मध्ये गार्मिन कंपनीचं लाइव्हस्कोप हे असं यंत्र आलं आणि अधांतरी मासा, त्याची दिशा, आमिषाकडे वळणं हे सगळं त्याच क्षणी पडद्यावर दिसू लागलं. काही मस्की स्पर्धांनी हे तंत्र बाहेर ठेवलं आहे. विरोध करणाऱ्यांचं म्हणणं असं की खोल पाणी हेच या माशाचं संरक्षण होतं. मला त्यात तथ्य वाटतं, पण अर्धंच. एकेका माशाला गाठून वारंवार पकडणं हा खरा धोका, आणि तो उन्हाळ्यात जास्त. पृष्ठभागाचं पाणी 27 अंशांच्या आसपास गेलं की झुंजून थकलेली मस्की सोडून दिल्यावरही मरू शकते, म्हणून जाणते गळवाले त्या दिवसांत दोर गुंडाळून ठेवतात.