भेदभाव सिद्ध कोणी करायचा?

नोकरीतल्या भेदभावाचा दावा बहुधा अडतो तो पुराव्यापाशी. ‘तू बाई आहेस म्हणून बढती नाही’ असं कोणताही मालक लिहून देत नाही. म्हणूनच या कायद्याचा खरा इतिहास म्हणजे सिद्धतेचं ओझं कर्मचाऱ्याच्या खांद्यावरून हळूहळू कसं हललं, त्याचा इतिहास.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९५८ साली १११ क्रमांकाचा करार स्वीकारला. वंश, वर्ण, लिंग, धर्म, राजकीय मत, राष्ट्रीय किंवा सामाजिक मूळ यांवरून केलेल्या ज्या फरकामुळे संधीची समानता बाधित होते, तो भेदभाव, असं त्यात ठरलं. अमेरिकेत १९६४ चा नागरी हक्क कायदा आला आणि २ जुलै १९६५ पासून त्यातल्या नोकरीविषयक तरतुदी लागू झाल्या.

त्याच दिवशी नॉर्थ कॅरोलायनातल्या ड्यूक पॉवर कंपनीने चांगल्या पगाराच्या विभागांत नव्याने शिरण्यासाठी दोन लेखी चाचण्या लावल्या. तोवर तिथल्या कृष्णवर्णीयांना फक्त मजूर विभागात काम मिळे आणि त्या विभागातला सर्वाधिक पगारही इतर विभागांतल्या सर्वात कमी पगारापेक्षा कमी होता. चाचण्या सर्वांना सारख्याच होत्या. पण त्या कामाशी त्यांचा संबंध कंपनीला दाखवता आला नाही. शाळेचं प्रमाणपत्र नसलेले जुने गोरे कामगार तीच कामं व्यवस्थित करत होते! सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये एकमताने सांगितलं की हेतू चांगला असून भागत नाही. नियमाचा परिणाम विषम असेल, तर तो कामासाठी गरजेचा आहे हे मालकाने दाखवावं. मला हा निकाल या साऱ्या इतिहासातला सर्वात मोलाचा वाटतो.

दोनच वर्षांनी, १९७३ मध्ये, मॅकडॉनेल डग्लस खटल्यात हेतुपुरस्सर भेदभावासाठी पायऱ्या ठरल्या. कर्मचाऱ्याने प्रथमदर्शनी संशय उभा करायचा, मालकाने निर्णयाचं कारण द्यायचं, आणि ते कारण निव्वळ बहाणा आहे हे कर्मचाऱ्याने दाखवायचं. अमेरिकेत अंतिम भार मात्र कर्मचाऱ्यावरच राहिला. युरोपीय संघ पुढे गेला: १९९७ च्या निर्देशाने लिंगभेदाच्या दाव्यांत संशय उभा राहताच भेदभाव झाला नाही हे सिद्ध करणं मालकावर आलं. २००० मध्ये हीच पद्धत वंश, धर्म, वय, अपंगत्व आणि लैंगिक कल यांनाही लागू झाली.

यामुळेच पगारपत्रकं, मूल्यमापनाचे शेरे, ईमेल, तेच काम करणाऱ्या सहकाऱ्याला मिळालेली वागणूक यांना दाव्यात इतकं वजन असतं. तक्रार केली म्हणून सूड उगवणं ही अमेरिकी कायद्यात स्वतंत्र चूक आहे, अगदी १९६४ पासून. मूळ भेदभाव सिद्ध झाला नाही तरी सूडाचा दावा टिकू शकतो. मुदत मात्र कडक: तिथे संघीय आयोगाकडे साधारण १८० दिवसांत तक्रार नोंदवावी लागते, राज्याची स्वतःची यंत्रणा असेल तर ३०० दिवसांत.