स्पीकर लगेच सापडतो, अँप सापडत नाही

गिटारचा ५० वॅटचा व्हॉल्व्ह अँप (काचेच्या नळ्यांवर चालणारा अँप्लिफायर) आणि त्याला जोडलेला १२ इंची स्पीकर. गिटारसाठी बनवलेला असा स्पीकर १ वॅटवर १ मीटर अंतरावर साधारण ९८ ते १०० डेसिबल देतो. ५० वॅट घातले की त्यात आणखी १७ ची भर पडते आणि आकडा ११५ च्या घरात जातो. आपल्याकडच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी मर्यादा आहे दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबल. नागपुरात मनीषनगरच्या टू-बीएचकेत किंवा महालात भिंतीला भिंत लागून असलेल्या घरात हा अँप पूर्ण उघडला, तर पोलिसांच्या आधी वरच्या मजल्यावरचे काका दारात हजर होतील: "काय करून राहिला बे रात्रीचं?" बरं, ५ वॅटचा छोटा अँप आणला तरी १०च डेसिबल उतरतात, म्हणजे कानाला आवाज जेमतेम निम्मा झाल्यासारखा वाटतो. आणि मोठ्याच अँपचा व्हॉल्यूम खाली घेतला तर ज्याच्यासाठी तो घेतला तो आवाजच निघून जातो.

म्हणून नागपुरातला घरी रेकॉर्डिंग करणारा गिटारवाला आज लॅपटॉप, ऑडिओ इंटरफेस (गिटारचा सिग्नल लॅपटॉपला देणारी डबी) आणि हेडफोन घेऊन बसतो. अँप असतो तो प्लगइनमध्ये, म्हणजे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायच्या, अँपची नक्कल करणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरमध्ये. ही गोष्ट तशी नवी नाही. अशी नक्कल करणारी लाइन ६ कंपनीची पॉड ही डबी १९९८ मध्ये आली, अँप्लिट्यूब हे सॉफ्टवेअर २००२ मध्ये, गिटार रिग २००४ मध्ये. पण 'हा खऱ्यासारखा का वाजत नाही' ही कुरकुर तेव्हापासून चालू आहे आणि तिच्यामागे भौतिकशास्त्रातला एक फार देखणा भेद आहे.

आधी नक्कल कशाची करायची ते बघू. पिकअपमधून (गिटारच्या तारांखालचं चुंबक आणि वेटोळं) काहीशे मिलिव्होल्टचा सिग्नल येतो. तो जसाच्या तसा मोठा करणं हे अँपचं मूळ काम. १९५० च्या दशकातले अभियंते त्यासाठीच झटत होते. फेंडरच्या १९५९ च्या बासमन अँपचं सर्किट समोर ठेवून लंडनमध्ये जिम मार्शलच्या दुकानात १९६२ साली पहिला मार्शल बनला. वाजवणाऱ्यांनी हे अँप त्यांच्या कुवतीबाहेर उघडले. व्हॉल्व्हना झेपेना, लाटेचे माथे चेपले जाऊ लागले (यालाच डिस्टॉर्शन म्हणतात), आणि लोकांना आवडलं ते नेमकं हेच. त्याच वर्षी फझ पेडलही बाजारात आला, म्हणजे बिघडलेला आवाज मुद्दाम पाडून देणारी डबी. निर्दोष अँप कॉम्प्युटरमध्ये करायचा तर तो एका गुणाकाराचा खेळ आहे: येणारा प्रत्येक आकडा गुणिले शंभर, संपलं. पंचवीसेक वर्षं डोकेफोड चालली आहे ती अँप ज्या पद्धतीने हरतो ती पद्धत पकडण्यासाठी.

लाटेचा माथा चेपला की मूळ स्वरात नसलेल्या कंप्रता (फ्रिक्वेन्सी) जन्माला येतात. एकच स्वर असेल तर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा. दोन स्वर एकत्र असतील तर त्यांच्या बेरजा आणि वजाबाक्याही. रॉकवाले ज्याला पॉवर कॉर्ड म्हणतात तो म्हणजे आपला सा-प. समजा सा २०० हर्ट्झचा आणि प ३०० चा. वजाबाकी १००, म्हणजे खालच्या सप्तकातला सा; बेरीज ५००, तीही त्याच १०० च्या पटीत. जे काही नवीन जन्मतं ते सगळं एकाच कुटुंबातलं असतं, म्हणून डिस्टॉर्शनमध्ये सा-प भरदार लागतो. आता प च्या जागी ग घ्या. गिटारच्या पडद्यांवरचा ग शुद्ध सव्वापट नसतो, किंचित चढा असतो: २५० ऐवजी २५२. वजाबाकी ५२. दुप्पट सा मधून ग वजा केला तर १४८, दुप्पट ग मधून सा वजा केला तर ३०४. यांतलं कुणीच कुणाशी जुळत नाही. जड डिस्टॉर्शनमध्ये पूर्ण मेजर कॉर्ड (सा-ग-प) गढूळ का होतो, याचं उत्तर या तीन आकड्यांत आहे. तानपुऱ्यावर कान तयार झालेल्या माणसाला ही गंमत गिटारवाल्याच्याही आधी कळेल.

आता तो भेद. गिटारचा आवाज कानापर्यंत येतो तो दोन यंत्रांमधून: आधी अँप, मग स्पीकरची पेटी, जिला सगळे कॅब म्हणतात. कॅब बऱ्यापैकी रेषीय असतो. निम्मा सिग्नल दिला तर निम्मा आवाज येतो. दोन स्वर एकत्र दिले तर दोघांच्या वेगवेगळ्या उत्तरांची निव्वळ बेरीज येते. अशा यंत्राबद्दल एकदाच विचारलं की पुरतं. २० हर्ट्झपासून २० हजारांपर्यंत चढत जाणारा एक स्वीप त्यातून वाजवायचा, समोर माइक ठेवायचा, आणि आलेल्या ध्वनीतून गणिताने त्याचा 'इम्पल्स रिस्पॉन्स' काढायचा, म्हणजे एका क्षणिक टोल्याला ते यंत्र काय उत्तर देतं ते. सगळे त्याला आयआर म्हणतात. इटलीतल्या पार्मा विद्यापीठाच्या आंजेलो फरीना यांनी २००० साली मांडलेली स्वीपची पद्धत यासाठी सर्रास वापरतात. तिची खुबी अशी की स्पीकरने स्वतःहून केलेली थोडीफार विकृती ती गणितात बाजूला काढून ठेवते.

हा आयआर असतो तरी केवढा? ४८ हजार सॅम्पल (आवाजाचे क्षणाक्षणाला मोजलेले आकडे) दर सेकंदाला, या दराने २०४८ आकडे, म्हणजे जेमतेम ४३ मिलिसेकंदांचा तुकडा. येणाऱ्या प्रत्येक सॅम्पलशी हे सगळे आकडे गुणायचे तर सेकंदाला सुमारे १० कोटी गुणाकार होतात. फूरिए रूपांतराची युक्ती वापरली की ते काम कितीतरी हलकं होतं आणि जुना लॅपटॉपही ते सहज करतो. आणि या ४३ मिलिसेकंदांत काय काय असतं! लाकडी पेटी, १२ इंची कागदी कोन, माइक, तो कोनाच्या मधोमध होता की कडेला. माइक इंचभर सरकला की वेगळा आयआर. माझं ठाम मत आहे की नवशिके अँपची मॉडेल्स (सॉफ्टवेअरमधल्या नकला) गोळा करण्यात जो वेळ घालवतात, त्यातला अर्धा त्यांनी आयआर निवडण्यात घालवावा. गिटारचा स्पीकर ५ किलोहर्ट्झच्या वरचं बहुतेक सगळं गिळून टाकतो. एकदा कॅब बंद करून नुसता अँप ऐका. दात शिवशिवतील असा कोरडा, करकरीत आवाज येतो आणि मग कळतं की ज्याला आपण अँपचा आवाज म्हणत होतो त्यातला मोठा वाटा स्पीकरच्या बहिरेपणाचा आहे.

अँपला मात्र असं एकदा विचारून भागत नाही. तो अरेषीय आहे. हळू विचारलं तर एक उत्तर देतो, जोरात विचारलं तर दुसरंच. सुरुवातीच्या सॉफ्टवेअरने यावर सोपा उपाय केला: इंग्रजी एस अक्षरासारखी वाकडी रेषा घ्यायची, येणारा प्रत्येक आकडा तिच्यावरून न्यायचा, आधी आणि नंतर एकेक फिल्टर लावायचा. डिस्टॉर्शन तर मिळतं, पण बोटांखाली ते मेलेलं वाटतं. कारण खऱ्या अँपला आठवण असते. जोरात तार छेडली की व्हॉल्व्हना लागणारा विद्युतदाब क्षणभर बसतो आणि सावकाश वर येतो, त्यामुळे स्वर आधी दबतो आणि मग फुलतो. व्हॉल्व्हला जोडलेले कपॅसिटर मोठ्या झटक्याने भारले जातात आणि त्यातून सावरायला त्यांना वेळ लागतो. म्हणजे या क्षणी काय बाहेर येणार हे मघाशी काय वाजवलं होतं त्यावर ठरतं. हे पकडायला दुसऱ्या पद्धतीत सर्किटमधला प्रत्येक रोधक, कपॅसिटर आणि व्हॉल्व्ह समीकरणांत उतरवतात आणि ती समीकरणं सेकंदाला ४८ हजार वेळा सोडवतात. एका सॅम्पलला जवळपास २१ मायक्रोसेकंद मिळतात, त्यातच सगळं उरकायचं.

त्यात आणखी एक विघ्न आहे, आणि ते खऱ्या अँपमध्ये नसतंच. दर सेकंदाला ४४,१०० सॅम्पल घेणारा कॉम्प्युटर २२,०५० हर्ट्झपर्यंतच्याच कंप्रता मांडू शकतो. डिस्टॉर्शनने तर त्याच्या कितीतरी वरच्या निर्माण होतात. त्या नाहीशा होत नाहीत, उलट फिरून खाली येतात. सिनेमात गाडीचं चाक उलटं फिरताना दिसतं ना, तोच प्रकार. गिटारच्या आवाजात ५ किलोहर्ट्झचा अंश असतोच. त्याची सातपट ३५ किलोहर्ट्झ, ती ९.१ किलोहर्ट्झवर येऊन बसते. नऊपट ४५, ती थेट ९०० हर्ट्झवर, ऐन मधल्या पट्टीत, आणि तुमच्या सुराशी तिचं काही नातं नसतं. हे ऐकायचं असेल तर स्वस्तातल्या जुन्या प्लगइनमध्ये गेन (सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारी नॉब) पूर्ण करा, वरच्या पडद्यांवर तार ओढून स्वर हळूहळू चढवा. तुमचा स्वर चढतो आणि मागे कुठेतरी बारीक शिटी उतरत जाते. ती परतून आलेली कंप्रता. उपाय माहीत आहे, फक्त महाग आहे: सगळं गणित ८ पट दराने करायचं, म्हणजे ४८ हजारांऐवजी ३,८४,००० वेळा, वरचा कचरा गाळायचा आणि मग मूळ दराला उतरायचं. प्लगइनमध्ये ओव्हरसॅम्पलिंग नावाचं बटण असतं ते हेच.

अलीकडे तिसरा रस्ता गाजतो आहे. सर्किट समजून घ्यायचंच नाही. अँपमध्ये काय गेलं आणि काय बाहेर आलं हे काही मिनिटं रेकॉर्ड करायचं आणि मधलं नातं न्यूरल नेटवर्कला, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या सॉफ्टवेअरला, शिकू द्यायचं. २०१६ साली डीपमाइंड या एआय कंपनीने कृत्रिम बोलण्यासाठी वेव्हनेट नावाची रचना मांडली होती. फिनलंडच्या आल्टो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० पर्यंत तिच्यासारखी जाळी साध्या कॉम्प्युटरवर गिटार वाजता वाजता चालवून दाखवली. न्यूरल अँप मॉडेलर हे मुक्त सॉफ्टवेअर याच वाटेवरचं, फुकट आणि अफाट चांगलं. पण त्याची मर्यादाही त्या भेदातूनच येते. कॅबला एकदा विचारलं की सगळं कळतं. अँपला शेकडो प्रकारे विचारूनही कळतं ते फक्त विचारलेलंच. एक मॉडेल म्हणजे अँपच्या नॉब एका विशिष्ट जागी असतानाचा आवाज. ट्रेबल वाढवून मॉडेल केलेलं नसेल, तर तो अँप ट्रेबल वाढवल्यावर कसा वागला असता हे नेटवर्कला ठाऊक नाही. शिवाय ते मागचा ठरावीकच काळ बघतं, त्यामुळे सावकाश सावरणारा विद्युतदाब त्याच्या नजरेतून थोडा सुटतो. नॉब फिरवत बसायची हौस असेल तर सर्किटवालं सॉफ्टवेअर बरं. एकच आवाज पक्का हवा असेल तर न्यूरल.

अरेषीयपणाचा फटका घरी सगळ्यात आधी बसतो तो इनपुटला. आवाज किती जोरात आत जातो यावर अँपचा स्वभाव ठरतो, त्यामुळे इंटरफेसची गेन नॉब ही इथे अँपचीच नॉब होते. हेडफोनमध्ये हळू येतंय म्हणून ती वाढवली, की स्वच्छ वाजणारं मॉडेल चिरकायला लागतं आणि शिव्या खातं सॉफ्टवेअर. दुसरी गोष्ट जॅकची. पिकअप म्हणजे बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. ४ किलोहर्ट्झला त्याचा अवरोध लाख ओहमच्या आसपास जातो. समोर १० लाख ओहमचा इन्स्ट्रुमेंट इनपुट असेल तर ठीक. लॅपटॉपच्या माइक जॅकमध्ये काही हजारच ओहम मिळतात, आणि वरचे स्वर तिथेच गारद होतात. नंतर कोणतंही प्लगइन ते परत आणत नाही.

आणि मग कूलर. मे महिन्यात पारा ४५ वर असताना तो बंद ठेवून रेकॉर्डिंग करा असा सल्ला नागपुरात कुणी कुणाला देऊ नये. माइकच नसल्यामुळे त्याची घरघर गिटारच्या ट्रॅकवर येत नाही, ही सोय मोठी. पण पिकअपला चुंबकीय क्षेत्र कळतं, आणि कूलरची मोटर आणि पाण्याचा पंप ते ५० हर्ट्झने पसरवत असतात. हाय-गेन मॉडेल बारीक सिग्नल हजारपटही करतं, म्हणून दोन फ्रेजच्या मधल्या शांततेत गुणगुण वर येते. गिटार हातात धरून खुर्ची जागच्या जागी फिरवा: एका दिशेला गुणगुण जवळजवळ विझते. ती जागा सापडली की तिथेच बसायचं. हंबकर पिकअप असेल तर निम्मं काम आधीच झालंय. गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये उलट्या वेढ्यांची दोन कॉइल जोडून ही गुणगुण एकमेकींत खोडायची सोय केली. जुन्या घरात अर्थिंग धड नसेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करून बघा. बऱ्याचदा उरलेली गुणगुण तिथेच संपते.

उन्हाळ्यात लॅपटॉपही तापतो, प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो, आणि वेळेत गणित न उरकल्याने आवाजात टक्-टक् येऊ लागते. मग लोक बफर (एका दमात हिशेबाला घेतलेला सॅम्पलचा गठ्ठा) वाढवतात. १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे २.७ मिलिसेकंद, १०२४ चा म्हणजे २१, आणि येताना-जाताना मिळून त्याहून जास्त. हवेत आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३५ सेंटीमीटर जातो, त्यामुळे ८ मिलिसेकंद उशीर म्हणजे अँपपासून पावणेतीन मीटरवर उभं राहिल्यासारखं. त्याचं काही वाटत नाही. ४० झाले की बोटं अडखळतात. म्हणून वाजवताना मॉडेल हलकं निवडावं, ओव्हरसॅम्पलिंग बंद ठेवावं, बफर लहान. ट्रॅकवर गिटारचा कोरा सिग्नलच साठवलेला असतो, त्यामुळे अँप नंतरही बदलता येतो. मिक्स काढायच्या वेळी ओव्हरसॅम्पलिंग ८ पट करा, बफर १०२४ वर न्या, हवं ते जड मॉडेल लावा. तेव्हा कुणी वाजवत नसतं, आणि लॅपटॉपने एका गाण्याला दहा मिनिटं घेतली तरी कुणाचं काही अडत नाही.