डेल्कोच्या जागी तक्ता: जुन्या पेट्रोल जीपचे टायमिंग

विदर्भातील खेड्यांमध्ये विलीस घराण्यातील जुन्या पेट्रोल जीप अजून कोठे कोठे जपलेल्या दिसतात. अशा गाडीला प्रोग्राम करता येणारे इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवले की ठिणगी जोरदार पडते आणि गाडी अधिक पळते, असे हौशी मंडळी सांगतात. ठिणगी जोरदार पडते हे खरे आहे. परंतु मुख्य लाभ ती कोणत्या क्षणी पडते यात आहे.

पेट्रोल आणि हवेचे मिश्रण एका क्षणात जळत नाही. ज्योत सिलिंडरभर पसरण्यास साधारणपणे २ ते ३ मिलिसेकंद लागतात आणि पिस्टन वरच्या टोकाला पोचल्यानंतर क्रँक (पिस्टनांमुळे फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) आणखी १० ते १५ अंश फिरेल तेव्हा दाब कमाल असावा लागतो. मिनिटाला १००० फेऱ्यांच्या वेगात क्रँक एका मिलिसेकंदात ६ अंश फिरतो, तर ३००० फेऱ्यांना १८ अंश. म्हणून वेग वाढेल तशी ठिणगी आधी पाडावी लागते. (वेगाबरोबर मिश्रणातील खळबळ वाढून ज्वलनही जलद होते, त्यामुळे हिशेब निव्वळ त्रैराशिकाचा राहत नाही.) जुन्या जीपमध्ये हे काम डेल्को, म्हणजे सिलिंडरांना पाळीपाळीने ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर, करतो. त्याच्या पोटातील दोन वजने वेगाबरोबर बाहेर फेकली जातात आणि स्प्रिंगांच्या ताणाला न जुमानता पॉइंट (उघडताच ठिणगी पाडणारा छोटा स्विच) उघडण्याची वेळ अलीकडे आणतात. ही योजना कल्पक आहे, पण तिला फक्त वेग कळतो.

परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढणारी भरलेली जीप पाहा. एक्सलरेटर पूर्ण दाबलेला, फेरे कमी आणि सिलिंडर मिश्रणाने गच्च भरलेला असतो. मिश्रण दाट असल्याने ते जलद जळते. ठिणगी थोडीही लवकर पडली, तर ज्योत पोचण्याआधीच उरलेले मिश्रण आपोआप पेटते आणि इंजिन टकटक वाजू लागते. मे महिन्यात ४५ अंशांच्या हवेत हा धोका आणखी वाढतो. तीच जीप सपाट रस्त्यावर तेवढ्याच फेऱ्यांना रिकामी चालते, तेव्हा विरळ मिश्रण सावकाश जळते आणि ठिणगी बरीच आधी पडलेली चालते, नव्हे, इंधन वाचवण्यासाठी तशी हवीच असते. वजनांना मात्र दोन्ही प्रसंग सारखेच. काही डेल्कोंना व्हॅक्यूमची डबी (इंजिनाच्या ओढीवरून भार ओळखणारी) जोडून हा दोष अंशतः भरून काढलेला असतो. बऱ्याच जुन्या जीपमध्ये तीही नसते. शिवाय त्या स्प्रिंगा ज्या काळी ठरल्या, तेव्हाच्या पेट्रोलचा ऑक्टेन अंक (आपोआप पेटण्याला विरोध करण्याची क्षमता) आजच्यापेक्षा कमी होता आणि त्यात आतासारखे २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल नव्हते.

प्रोग्राम करता येणाऱ्या यंत्रणेत वजनांची जागा एक तक्ता घेतो: आडव्या ओळीत वेग, उभ्या ओळीत मॅनिफोल्डमधील (सिलिंडरांकडे मिश्रण नेणाऱ्या नळीतील) दाब, म्हणजेच इंजिनावरील भार, आणि प्रत्येक चौकटीत ठिणगी वरच्या टोकाच्या किती अंश आधी पडावी तो आकडा. इंग्लंडमध्ये सुटे भाग जुळवून घरी गाड्या बांधणाऱ्यांनी यासाठी फोर्डची दातेरी चकती फार वापरली. ती क्रँकच्या पुलीवर बसते. तिच्यावर ३६ दात्यांची जागा असते, म्हणजे दर १० अंशांना एक. त्यांतला एक दाता मुद्दाम गाळलेला असतो. शेजारच्या सेन्सरला ती मोकळी जागा दिसली की क्रँक नेमका कोठे आहे हे कळते. चार सिलिंडरांसाठी दोन कॉइल (ठिणगीसाठी उच्च दाबाची वीज तयार करणाऱ्या) पुरतात, कारण पहिला-चौथा आणि दुसरा-तिसरा अशा जोड्यांना एकाच वेळी ठिणगी मिळते. त्यांपैकी एक सिलिंडर धूर बाहेर टाकत असल्याने तेथील ठिणगी वाया जाते.

माझ्या मते केवळ बाजारापर्यंत जाणाऱ्या जीपला हा खटाटोप नको. पॉइंटऐवजी साधे इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल पुरेसे आहे. पॉइंट बिघडले तर गावातील मिस्त्री पॉलिश पेपरने घासून गाडी चालू करतो, तक्त्याची यंत्रणा बिघडली तर त्याच्या हाती काही राहत नाही. तरीही ती बसवायची असेल, तर पुलीवरील खूण आधी पिस्टनच्या खऱ्या वरच्या टोकाशी जुळवावी आणि सेन्सर आणि चकतीतील अंतर फीलर गेजने (बारीक फट मोजण्याच्या पात्यांनी) तपासावे. त्यानंतर संगणकात अंश १० वर स्थिर ठेवून टायमिंग लाइटने (प्रत्येक ठिणगीबरोबर लुकलुकणाऱ्या दिव्याने) खूण पाहावी. ती १० वरच दिसेपर्यंत तक्त्यातील एकही चौकट बदलू नये.