मुरगावची चार जहाजं आज किती वेळ गुपित राहिली असती?

9 मार्च 1943 च्या रात्री मुरगाव बंदरात नांगरलेली चार जहाजं पेटली आणि बुडाली. तीन जर्मन, एक इटालियन. पोर्तुगाल युद्धात तटस्थ असल्यामुळे ही जहाजं गोव्याच्या पाण्यात आसरा घेऊन होती. त्यातल्या ‘एहरेनफेल्स’वरच्या छुप्या रेडिओवरून जर्मन पाणबुड्यांना खबर जाते, असा ब्रिटिश हेरखात्याचा संशय होता. तटस्थ बंदरावर उघड हल्ला करणं शक्य नव्हतं, म्हणून ‘कलकत्ता लाइट हॉर्स’ या हौशी पलटणीतले मध्यमवयीन गोरे व्यापारी एका जुनाट बार्जवरून समुद्रमार्गे पाठवण्यात आले. ही हकीकत जगासमोर आली थेट 1978 मध्ये. आग लपण्यासारखी नव्हतीच. लपून राहिलं ते कारण.

लष्करी घटनांचा शोध घेणाऱ्या पत्रकाराला आजही हेच दोन प्रश्न सोडवायचे असतात. काय झालं, आणि कुणी केलं? पहिल्याचं उत्तर मिळवणं विज्ञानामुळे पुष्कळ सोपं झालं आहे. दुसऱ्याचं अजूनही घाम काढतं.

समजा, ती आग आज लागली असती. नासाची अग्निशोध यंत्रणा उपग्रहांवरच्या उष्णतामापकांनी जमिनीचे 375 मीटरचे चौकोन तपासते आणि ही माहिती कुणालाही फुकट पाहता येते. हे उपग्रह आपल्या डोक्यावरून साधारण रात्री दीड आणि दुपारी दीडच्या सुमारास जातात. रात्रीची फेरी चुकली असती, तरी दुपारपर्यंत धुमसणारी जहाजं नकाशावर लाल ठिपक्यांनी उमटली असती.

पण हीच घटना जुलैत घडली तर? गोव्यावर तेव्हा ढगांचं छत असतं आणि साध्या उपग्रहचित्रात पांढऱ्या कापसाखेरीज काही दिसत नाही. इथे रडार उपग्रह कामी येतो. युरोपचा ‘सेंटिनेल-1’ सुमारे साडेपाच सेंटिमीटर लांबीच्या लहरी खाली पाठवतो. ढगातले पाण्याचे थेंब इतके बारीक असतात, की या लहरी त्यांना जवळजवळ जुमानत नाहीत. शांत पाणी लहरी दुसरीकडे परतवतं, म्हणून काळं दिसतं. जहाजाच्या पोलादी कोनांवरून त्या सरळ माघारी येतात, म्हणून जहाज झगझगीत दिसतं. मात्र या चित्राचा एक ठिपका साधारण 10 मीटरचा. ‘आयएनएस मोरमुगाव’ ही आपली विनाशिका 163 मीटर लांब आणि 17 मीटर रुंद, म्हणजे तिच्या वाट्याला लांबीत सोळा आणि रुंदीत जेमतेम दोन ठिपके येतात. त्यावरून एवढंच म्हणता येतं की इथे एक लांब पोलादी वस्तू आहे. त्यापुढे जाऊन कुणी छातीठोकपणे जहाजाचं नाव सांगू लागला, तर त्याच्याकडे पुरावा मागावा.

व्हिडिओची वेळ ठरवायला सावली उपयोगी पडते. खांबाची उंची आणि सावलीची लांबी कळली, की सूर्य किती वर होता ते निघतं. पणजीत 22 डिसेंबरला माध्यान्हीला 10 मीटरच्या खांबाची सावली सुमारे 8 मीटर पडते, तर मार्चअखेरीस ती दोन मीटरच्या आसपास येते. ही माध्यान्हदेखील घड्याळातल्या बाराला होत नाही. आपलं घड्याळ 82.5 अंश रेखांशावर चालतं आणि गोवा 74 अंशांच्या जवळ, त्यामुळे सूर्य इथे साडेबाराच्या आगेमागे माथ्यावर येतो. आणखी एक खोच आहे. मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य आपल्या उत्तरेला असतो, म्हणून भरदुपारची सावली दक्षिणेला पडते. दिल्लीत दुपारची सावली बाराही महिने उत्तरेला. तिथला ठोकताळा इथल्या व्हिडिओला लावला, तर दिशाच उलटी होईल.

मला सगळ्यात विलक्षण वाटतो तो आवाजाचा पुरावा. जत्रेतल्या आतषबाजीत उजेड आधी दिसतो आणि बार मागून ऐकू येतो, हे आपण लहानपणापासून अनुभवतो. बंदुकीच्या बाबतीत गोळीच आवाजाच्या पुढे धावते. रायफलची गोळी सेकंदाला आठशे-नऊशे मीटर वेगाने सुटते, आवाज मात्र साडेतीनशेच्या आसपास. त्यामुळे गोळीच्या वाटेजवळ असलेल्या मोबाइलमध्ये आधी ‘चट्’ असा कोरडा आवाज नोंदला जातो. तो गोळीने हवा फाडल्याचा. मागून येतो ‘धप्’, नळीच्या तोंडाशी झालेल्या स्फोटाचा. दोनशे मीटर अंतराला आवाजाला सुमारे 0.57 सेकंद लागतात आणि गोळीला 0.24. फरक सेकंदाच्या एक तृतीयांशाइतका. हा फरक मोजता आला, की गणित उलटं फिरवून अंतर काढता येतं. मोबाइल सेकंदाला चाळीस हजारांहून जास्त वेळा आवाजाचा नमुना घेतो, त्यामुळे मोजमापाला बारकावा कमी पडत नाही. अडचण येते ती भिंतींवरून उठणाऱ्या प्रतिध्वनींची आणि गोळीची जात माहीत नसण्याची.

11 मे 2022 रोजी वेस्ट बँकमधल्या जेनिनमध्ये पत्रकार शिरीन अबू अक्लेह गोळी लागून मारल्या गेल्या. गोळी पॅलेस्टिनी बंदूकधाऱ्यांची असावी, असं इस्रायलच्या बाजूने सुरुवातीला सांगितलं गेलं. ध्वनितज्ज्ञांनी व्हिडिओतल्या ‘चट्’ आणि ‘धप्’मधलं अंतर मोजलं. ते सुमारे 0.3 सेकंद भरलं, म्हणजे बंदूक 177 ते 197 मीटरवर. जवळपास तेवढ्याच अंतरावर इस्रायली लष्कराच्या गाड्या उभ्या होत्या, हे इतर व्हिडिओंवरून पत्रकारांनी पडताळलं होतं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, आपल्या सैनिकाची गोळी चुकून लागल्याची दाट शक्यता आहे, असं इस्रायली लष्कराने मान्य केलं. एका बाईचा जीव गेला आणि तिच्या मृत्यूचं खरं कारण घटनास्थळाच्या व्हिडिओंमधल्या आवाजाच्या रेघेत सापडलं. ही रेघ वाचायला पदार्थविज्ञानाचं शालेय ज्ञान बहुतांशी पुरतं, आणि म्हणूनच ते पत्रकारांना शिकवलं पाहिजे, असं मला कळकळीने वाटतं.

धातूही बोलतो. काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीच्या बुडाला कारखान्याचा आणि सालाचा शिक्का असतो. पुण्याजवळच्या खडकी कारखान्याच्या पुंगळ्यांवर ‘केएफ’ ही अक्षरं दिसतात. फेब्रुवारी 2019 मध्ये पाकिस्तानशी झालेल्या हवाई चकमकीनंतर आपल्या सैन्यदलांनी पत्रकार परिषदेत अ‍ॅमराम या विमानातून सुटणाऱ्या अमेरिकी क्षेपणास्त्राचे तुकडे दाखवले, ते याच तर्काने. पाकिस्तानकडे हे क्षेपणास्त्र फक्त एफ-16 या लढाऊ विमानावरून सुटतं, तेव्हा एफ-16 वापरलं गेलं. तरी शिक्का सांगतो तो वस्तू कुठे बनली एवढंच. ती किती हातांतून फिरली आणि शेवटी कुणी चालवली, ते कागदपत्रं आणि माणसं शोधूनच कळतं.

या साधनांना दुसरी बाजूही आहे आणि गोव्यात ती दारातच उभी असते. दाबोळीला नौदलाचा हंसा तळ आणि प्रवासी विमानतळ एकाच धावपट्टीवर. बोगमाळोच्या वाळूत उभं राहून कुणीही विमानाचं रील बनवतो, आणि वर सांगितलेली सगळी गणितं त्या रीललाही लागू पडतात. 2018 च्या जानेवारीत स्ट्राव्हा या व्यायामाच्या अ‍ॅपचा नकाशा पाहून एका ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्याने दाखवून दिलं, की सैनिकांच्या धावण्याच्या रेघांवरून दुर्गम लष्करी तळांचे आराखडे उमटले आहेत. कुणी काही चोरलं नव्हतं. सैनिकांनी स्वतःच मनगटावरून माहिती पाठवली होती.

26/11 च्या थेट प्रक्षेपणामुळे कारवाईची माहिती हल्लेखोरांच्या पाकिस्तानातल्या सूत्रधारांना मिळत राहिली, म्हणून 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कसाबच्या निकालात वाहिन्यांवर कडक ताशेरे ओढले. झालेल्या घटनेची पडताळणी आणि चालू कारवाईचा ठावठिकाणा यांतली रेघ म्हणूनच स्पष्ट हवी. पहिलीसाठी पत्रकाराने हट्ट धरावा, अधिकारी चिडले तरी. दुसऱ्याचं चित्रीकरण हाती असलं, तरी कारवाई संपेपर्यंत ते दाखवू नये. आणि जेव्हा छापेल तेव्हा निष्कर्षाबरोबर मोजमापंही छापावीत. कोणती सावली धरली, आवाजाचा वेग किती मानला, उपग्रहचित्र कोणत्या तारखेचं, हे सगळं. म्हणजे वास्कोतल्या एखाद्या कॉलेजच्या पोरीला ते गणित पुन्हा करून पाहता येईल आणि चूक सापडली तर दाखवूनही देता येईल.